बारा नंबरची बाटली

काचेची एक बाटली मी अजून विसरलेलो नाही. हाताच्या मुठीत मावेल एवढी, गोल, वर काचेचंच बूच. बाटलीवर आणि बुचावर एकच आकडा कोरलेला: बारा. नोकरीत मी रक्ताचे सुरे जप्त केले, गावठी कट्टे केले, चोरीचे दागिने केले. ते सगळं आता पुसट झालं आहे. ही बाटली झाली नाही, कारण त्या प्रकरणात ज्यांनी चूक केली त्यांच्या यादीत माझं नाव यायला हवं होतं आणि ठाण्याच्या कुठल्याही कागदात ते कोणी घातलं नाही. म्हणून इथे मीच घालतो आहे.

रायपूर राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती. मंत्रालय नवा रायपूरच्या रुंद आणि ओसाड रस्त्यांवर गेलं होतं. मी मात्र उरला या कारखान्यांच्या भागात, जिथे झाडांच्या पानांवर लोखंडाची काळी धूळ बसते, तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी, इकडच्या भाषेत टीआय, होतो. आमच्या हद्दीत सांडपाणी शुद्ध करणारं एक केंद्र होतं. ते एका खासगी कंपनीला चालवायला दिलेलं होतं. शहराचं मैलापाणी तिथे यायचं. मोठ्या टाक्यांत त्या पाण्यात ब्लोअरनं हवा सोडायची, त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खाणार, आणि निवळलेलं पाणी नाल्यातून खालच्या गावाच्या तलावात जाणार. त्या तलावात ढीमर समाजाची काही कुटुंबं मासे पाळत होती. शहरानं वापरून टाकलेल्या पाण्यावर त्यांचं घर चालत होतं, आणि त्याची शहराला खबरही नव्हती.

एका सोमवारी सकाळी त्या तलावातले मासे मेले.

गावकऱ्यांनी मेलेले मासे टोपल्यांत भरून आणले, मुख्य रस्त्यावर ओतले आणि रस्ता अडवला. मी पोहोचलो तेव्हा ट्रकांची रांग लागली होती. माझ्या शिपायांनी नाकाला रुमाल बांधले होते. गावातल्या बायका त्याच माशांशेजारी उघड्या तोंडानं बसल्या होत्या. मी त्यांना नेहमीसारखं सांगितलं, चौकशी होईल, दोषीला सोडणार नाही. हे वाक्य आम्हा पोलिसांना झोपेतही म्हणता येतं.

मंगळवारी केंद्राचा मॅनेजर ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या फाइलमध्ये टाइप केलेला अर्ज, सोबत तीन झेरॉक्स. खरा फिर्यादी ठाण्यात येतो तेव्हा त्याच्याकडे कागद नसतो, त्याचा श्वास लागलेला असतो आणि तो गोष्ट मधूनच सांगायला लागतो. ज्याच्याकडे पहिल्याच दिवशी सगळे कागद क्रमानं लावलेले असतात, त्याच्याकडे दोनदा पाहावं. हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. मी दोनदा पाहिलं नाही.

अर्जात लिहिलं होतं की केंद्राच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणारी एक अ‍ॅनालिस्ट मुलगी कंपनीवर चिडून होती. प्रयोगशाळेतलं अ‍ॅसिड कमी भरलं आहे. सोमवारी सकाळी तिला तलावाच्या काठावर बाटल्या घेऊन उभं असलेलं पाहिलं गेलं. तिनंच पाण्यात काहीतरी टाकलं असावं. तिला कामावरून काढलं आहे.

"टीआय साहब, पढ़ी-लिखी लड़की है, पर दिमाग गरम है," मॅनेजर म्हणाला. "पक्की नौकरी माँग रही थी. नहीं मिली तो बदला ले लिया."

त्याच संध्याकाळी मला वरून फोन आला. गाव तापलं आहे, टीव्हीवाले फिरत आहेत, आरोपी समोर आहे, तर उशीर कशाला? आणि बुधवारी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. बूढ़ापाऱ्यात लॅबवाली मॅडम राहते, तिच्या घरात विषाच्या बाटल्या आहेत, उद्या सकाळी ती त्या बाहेर काढणार आहे.

निनावी खबर देणाऱ्याला जेव्हा वेळसुद्धा माहीत असते, तेव्हा तो आरोपीच्या किंवा फिर्यादीच्या घरातला असतो. हेही मला माहीत होतं. तरी मी गेलो.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही बूढ़ापाऱ्यातल्या त्या गल्लीत पोहोचलो. मी, महिला शिपाई, दोन जवान, आणि पंचनामा लिहायला ठाण्याचे मुन्शी, म्हणजे कागद आणि जप्त मालाची खोली, मालखाना, सांभाळणारे हवालदार. पंचांपैकी एकजण उशिरा आला, म्हणून आम्ही गल्लीत उभे होतो. दुकानांची शटरं उघडत होती, स्कूटरवाले आम्हाला चुकवून जात होते. तेवढ्यात जिन्यावरून एक तिशीच्या आतली मुलगी खाली आली. हातात कापडी पिशवी, आणि ती पिशवी तिनं तान्ह्या मुलाला धरावं तशी सरळ धरलेली.

"बैग में क्या है?" मी विचारलं.

"सैंपल हैं, सर. दस बजे के पहले कॉलेज पहुँचाने हैं."

"कंपनी ने तो तुमको निकाल दिया है. किसके सैंपल?"

"पानी के," ती म्हणाली.

पिशवीतल्या चार बाटल्यांतली हाताला आली ती मी उचलली. गढूळ पाणी, अगदी बुचापर्यंत भरलेलं, आत हवेचा एक बुडबुडा नाही. मी बुचाला हात घातला.

"सर, बूच नका काढू." ती एकदम मराठीत बोलली. घाबरलं की माणूस घरच्या भाषेत बोलतं.

माझा हात क्षणभर थांबला. माझे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले होते. मराठी ही माझ्या स्वयंपाकघरातली भाषा, ड्युटीवर ती माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. पण गल्लीत लोक जमले होते, जवान बघत होते, आणि आरोपीनं नको म्हटलेली गोष्ट न करणारा ठाणेदार मी तोवर झालेलो नव्हतो. मी बूच काढलं, बाटली नाकाशी नेली. सडका वास आला. विष असतं तर मी तिथेच पडलो असतो, एवढीही अक्कल मला त्या वेळी नव्हती.

मुलगी जिन्याच्या पायरीवर खाली बसली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाटलीकडे बघत म्हणाली, "झालं. आता त्यात काही राहिलं नाही."

वरच्या दोन खोल्यांत आम्हाला थर्माकोलचा एक डबा मिळाला. भोवती ओलं फडकं, आत थर्मामीटर. शेजारी एक जुनी वही. जवानानं ती वही माझ्यापुढे धरली. "साहब, कोड में कुछ लिखा है."

रेघा आखलेल्या पानावर आकडे होते. सहा, सत्तावीस. सात, सत्तावीस. आठ, साडेसव्वीस. नऊ, सत्तावीस.

"कोड नाही बाप्पा, टेम्परेचर आहे," कोपऱ्यातल्या खाटेवरून तिचे वडील म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झालेले केबिनमन, पायजमा आणि बनियन, चष्मा दोरीनं बांधलेला. "पोट्टी म्हणे, बाबा, सत्तावीसच्या खालीवर जाऊ देऊ नका. मंग दर तासाले पाहून राहिलो. तीस वर्षं केबिनमधी गाड्या लिहिल्या, आता बाटल्या लिहून राहिलो. तिले काहून धरलं तुम्ही, साहेब?"

मी मुन्शींना कागद काढायला सांगितलं.

पंचनामा तिथेच लिहिला. आमचे मुन्शी छत्तीसगढ़ी माणूस, निवृत्तीला टेकलेले, आणि लिहिण्यात इतके चिवट की ठाण्यात सगळे त्यांची थट्टा करत. घड्याळ जप्त झालं तर ते पट्ट्याची भोकंसुद्धा मोजायचे. त्यांनी चार बाटल्या ओळीनं मांडल्या आणि लिहिलं: बाटली क्रमांक नऊ, बूच क्रमांक नऊ. बाटली क्रमांक दहा, बूच क्रमांक दहा. अकरा, अकरा. बारा, बारा. मग त्यांनी मान वर केली.

"साहब, बारह नंबर का ढक्कन खुला है. क्या लिखूँ?"

जवान, पंच, मुलगी, तिचे वडील, सगळे तिथे होते. मी म्हणालो, "लिखो, ढक्कन ढीला पाया गया."

"ढीला लिखूँ?"

"लिखो."

त्यांनी लिहिलं. ज्या माणसाला पट्ट्याची भोकं चुकवता येत नव्हती, त्याच्याकडून मी ते लिहून घेतलं. पंचांनी सह्या केल्या. पंच नेहमी करतात.

मुलगी तेव्हा मला म्हणाली, "बाकीच्या तीन तरी आज तपासू द्या, सर. कॉलेजमधी माझे सर थांबले आहेत. उद्या याचा काही उपयोग नाही."

"मुद्देमाल है. सील होगा," मी म्हणालो. आणि मेणबत्तीवर चपड़ी, म्हणजे सीलची लाख, वितळवून चारही बाटल्यांच्या तोंडांवर ओतली. एक बाटली उघडून नासवली, तीन न उघडता नासवल्या. दोन्ही कामं कायद्यानं, पंचांसमक्ष.

ठाण्यात तिला महिला शिपायाजवळ बसवून मी जबाब घ्यायला लागलो. तिला रडवायची, घाबरवायची माझी तयारी होती. ती रडली नाही. माझ्या प्रश्नातल्या चुका सुधारत गेली. मी 'केमिकल' म्हणालो की ती 'नमुना' म्हणायची. मी 'बोतल' म्हणालो की ती नंबर विचारायची. शेवटी मीच मराठीवर आलो.

"त्या बाटल्यांत काय आहे, ते मला समजेल असं सांग."

"केंद्रातून तलावात जाते ते पाणी आहे, सर. बाटली काठोकाठ भरायची, बूच लावायचं, हवा आत जाऊ द्यायची नाही. तीन दिवस सत्तावीस डिग्रीवर अंधारात ठेवायची. पाण्यात घाण असली तर त्यातले जिवाणू तीन दिवसांत त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मंग उघडून मोजायचं, किती उरला. जितका कमी उरला, तितकं पाणी खराब."

"आणि मधेच बूच काढलं तर?"

"बाहेरची हवा आत जाते. मंग मोजलं तर खराब पाणी पण बरं दिसते."

मी पेन खाली ठेवलं.

"बारा नंबरची बाटली कधीची?"

"सोमवारची. सकाळी मासे मेले तवाची. केंद्राच्या तोंडाशी भरली मी ती. बाकीच्या तीन त्याच सकाळच्या, पण खाली नाल्यातल्या. मंग तलावावर जाऊन मासे पाहिले. आज दहा वाजता तीन दिवस होत होते."

"हे सगळं लॅबमध्ये करतात ना? घरी काहून नेल्या बाटल्या?" 'काहून' माझ्या तोंडून निसटलं.

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "लॅबमधी ठेवलेली बाटली तिसऱ्या दिवशी जागेवर सापडत नव्हती, सर. कधी फुटली म्हणे, कधी कोणी धुऊन ठेवली म्हणे. चांगल्या पाण्याची बाटली कधी फुटली नाही. खराब पाण्याचीच फुटे. म्हणून मी दोन भरायला लागले. एक तिथं, एक घरी."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तीन आठवड्यांपासून ब्लोअर दिवसातून थोडाच वेळ चालत होते. वीज वाचवायची होती. हवा नाही, म्हणजे जिवाणू मेले. जिवाणू मेले, म्हणजे शहराचा मैला जसाच्या तसा तलावात. तिनं मॅनेजरला तीनदा लिहून दिलं. उत्तर आलं ते असं, की रिझल्ट नीट येत नसेल तर नीट काढायला शिक.

"तक्रार का नाही केली?"

"कोणाकडे, सर? तुमच्याकडे?"

महिला शिपायाला मराठी येत नव्हती, पण तिनं मान खाली घातली. काही गोष्टींना भाषा लागत नाही.

सूर्य मावळायच्या आत मी तिला नोटीस देऊन घरी पाठवलं. अटक दाखवली नाही. वरून पुन्हा फोन आला, अटक का नाही. मी म्हणालो, बाटल्यांचा अहवाल येऊ द्या. ते धैर्य नव्हतं. मला शंका आली होती आणि मी वेळ काढत होतो.

दुसऱ्या दिवशी गावातून एक म्हातारी ठाण्यात आली. तलावात जाळं टाकणाऱ्या घरातली. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"हमर मछरी मर गे साहब, अउ तुमन ओ नोनी ला धर लेव?" आमचे मासे मेले आणि तुम्ही त्या पोरीलाच धरलंत?

मी तिला सांगितलं की कंपनी म्हणते, तिनं पाण्यात तेजाब टाकलं. म्हातारी हसली. तसं हसणं मी साक्षीदारांत कमी पाहिलं. तिनं जे सांगितलं ते असं: तेजाब पडलं असतं तर माशांची कातडी जळाली असती. आमचे मासे पहाटेपासून वर येऊन तोंड उघडत होते, पाण्याबाहेर तोंड काढून. त्यांचा दम घुटत होता. ती पोरगी काठावर बसून त्यांच्याकडे बघत होती आणि म्हणत होती, यांना हवा नाही मिळत.

शिकलेली एक आणि न शिकलेली एक, दोघींनी वेगवेगळ्या वाटेनं मला एकच गोष्ट सांगितली. त्या तलावात विष कोणी टाकलं नव्हतं. हवा काढून घेतली होती.

पण म्हातारीच्या शब्दाला कागदाचा आधार लागतो आणि मुलीचा कागद मी स्वतः नासवला होता. विषाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे मी बाटल्यांतलं थोडं पाणी काढून पाठवलं. बाटल्या पुन्हा सील करून मालखान्यात ठेवल्या. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर मी कंपनीला पत्र लिहून प्रयोगशाळेचं मूळ रजिस्टर मागितलं. दोनदा आठवण द्यावी लागली. जप्तीला दोन आठवडे होत आले तेव्हा मॅनेजर स्वतः रजिस्टर घेऊन आला, त्या दिवसापर्यंत भरलेलं. पाणी रोज चांगलं. मासे मेले त्या सोमवारीही चांगलं. मुलगी गेल्यानंतरही चांगलं.

"नई केमिस्ट आने तक हम ही कर रहे हैं," तो म्हणाला. "काम रुकना नहीं चाहिए."

मी ते चाळलं आणि मला अस्वस्थ वाटलं. आम्ही पोलीस रोजनामचा लिहितो. तो कसा दिसतो ते मला माहीत आहे. मधे शाई बदलते, चहा सांडतो, घाईत अक्षर वाकडं होतं. ज्या ठाण्यात तपासणी येणार म्हणून तीन दिवसांचा रोजनामचा एका बैठकीत लिहिला जातो, तिथली पानं अशी सुंदर असतात. असा सुंदर रोजनामचा मी स्वतः लिहिला आहे. म्हणून मी ओळखला. पण सुंदर अक्षर हा गुन्हा नाही.

मी रजिस्टर मुन्शींच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, जमा करून घ्या. त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तासाभरानं ते माझ्या खोलीत आले. रजिस्टरच्या एका ओळीवर त्यांचं बोट होतं.

"साहब, ये बारह नंबर बोतल लिखा है. परसों का रिजल्ट है."

"तो?"

"बारह नंबर तो हमारे पास है ना. मालखाने में. चपड़ी आपने खुद लगाई थी."

मी खुर्चीतून उठलो. आम्ही दोघांनी पानं उलटली. प्रयोगशाळेत बाटल्या क्रमानं वापरतात, एक ते बारा, पुन्हा एक ते बारा. ही त्या मुलीची पद्धत होती. खोटं रजिस्टर लिहिणाऱ्यानं तिची जुनी पानं समोर ठेवून तोच क्रम पुढे चालवला होता. जप्तीच्या दिवसानंतर नऊ, दहा, अकरा आणि बारा या बाटल्यांत पाणी भरलेलं होतं, तीन दिवस ठेवलेलं होतं, तपासलेलं होतं. आणि त्या बाटल्या त्या सगळ्या दिवसांत माझ्या कुलपात होत्या. ज्यानं कधी बाटली हातात धरली नाही, त्याच्यासाठी ते नुसते आकडे होते. ज्यानं रोज धुतली, त्याच्यासाठी ती वस्तू होती. सगळा फरक एवढाच.

"मुन्शीजी, मालखाना रजिस्टर में भी नंबर चढ़ाया है?"

"हव साहब," ते थोडे दुखावूनच म्हणाले. "नहीं चढ़ाऊँगा?"

मी मॅनेजरला त्याच दिवशी केंद्रावर गाठलं. बारा नंबरची बाटली दाखवा म्हणालो. त्यानं प्रयोगशाळेचं दार उघडलं. रॅकमध्ये आठ बाटल्या आणि चार रिकामी भोकं. त्या भोकांवर धुळीचा थर होता. तो म्हणाला, दुसरा संच आहे. मी म्हणालो, दाखवा. तो म्हणाला, क्लार्कनं चूक केली असेल. क्लार्कला बोलावलं. गोदाम सांभाळणारा, पन्नाशीचा, दोन मुली लग्नाच्या. तो पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. "सर ने बोला पुराना देख के नया लिख दो. मैंने एक दोपहर में लिख दिया." ब्लोअर चालवणाऱ्यानंही सांगितलं, "बंद रहिस साहब. हमन ला कहे रहिन, बंद रखव." बंद ठेवायला आम्हाला सांगितलेलं होतं.

हे वाचून कोणाला वाटेल की प्रकरण उलगडलं, गुन्हेगार सापडले. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. पुढचं ऐका.

विषाचा अहवाल आला: विष नाही. मुलीविरुद्धचा गुन्हा आम्ही बंद केला. तिची नोकरी तिला परत मिळाली नाही. ज्यांनी काढलं त्यांनीच ठेवून घ्यावं, असा कुठलाही कायदा नाही. मॅनेजरवर खोटं रजिस्टर बनवल्याचा आणि पाणी दूषित केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याला लगेच जामीन मिळाला. कंपनीनं दुसरं नाव घेतलं आणि दुसऱ्या शहरात दुसरं केंद्र घेतलं. ढीमर कुटुंबांना सांगितलं गेलं की मासे कशामुळे मेले ते न्यायालयात ठरू द्या. न्यायालयात ठरायला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे सोमवारच्या पाण्याची बाटली. आणि ती बाटली मी गल्लीत लोकांसमोर हुंगली होती.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. ब्लोअरवाला उलटला. क्लार्क तेवढा टिकला. मुलीची साक्ष माझ्या आधी झाली. कंपनीच्या वकिलानं तिच्यापुढे माझाच पंचनामा धरला. बूच सैल आढळले, असं पोलिसांनी लिहिलं आहे. ज्या अ‍ॅनालिस्टला बाटलीचं बूच नीट लावता येत नाही, तिचं बाकीचं काय खरं मानायचं? ती म्हणाली, बूच सैल नव्हतं. वकील म्हणाला, मग पोलीस खोटं बोलतात का? तिनं तेच पुन्हा सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. हे मला सरकारी वकिलांनी सांगितलं आणि सोबत सल्लाही दिला. साहेब, पंचनाम्यावर ठाम राहा. त्याच पंचनाम्यात बाटल्यांचे नंबर आहेत. तो एका ठिकाणी खोटा ठरला तर सगळा जाईल, रजिस्टरचं प्रकरणही जाईल. तुमची एवढी एक केस आहे, ती घालवू नका.

तो सल्ला बरोबर होता. म्हणूनच मला त्याचा संताप आला. बघा ही व्यवस्था कशी आहे. खोटं रजिस्टर पकडायचं तर माझा खोटा पंचनामा टिकला पाहिजे. मॅनेजर म्हणतो पाणी चांगलं, मी म्हणतो बूच सैल, आणि न्याय व्हायचा तर त्या मुलीनं आयुष्यभर निष्काळजी ठरायचं.

साक्षीच्या पिंजऱ्यात कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, "बूच सैल होतं, बरोबर?"

मी म्हणालो, "नाही. घट्ट होतं. मी काढलं. तिनं नको म्हटलं होतं. पंचनाम्यात सैल असं मी लिहायला लावलं."

कोर्टात थोडी हालचाल झाली. सरकारी वकिलांनी फाइल मिटली. न्यायाधीशांनी मला दोन प्रश्न विचारले आणि निकालात माझ्याबद्दल जे लिहिलं, ते मी घरी कोणाला वाचायला दिलेलं नाही. ते खरं आहे. पण त्यांनी मुन्शींचं मालखाना रजिस्टर वेगळं मागवलं. त्यात नंबर होते, त्यांच्या हातचे, त्याच दिवसाचे. कंपनीचं रजिस्टर खोटं ठरलं. मॅनेजरला त्याबद्दल थोडी शिक्षा झाली. तो अपिलात गेला आणि बाहेर आहे. मासे कशामुळे मेले, यावर न्यायालय म्हणालं, पुरेसा पुरावा नाही.

पुरेसा पुरावा होता. काठोकाठ भरलेला, बुडबुड्याविना, एका निवृत्त केबिनमननं दर तासाला राखलेला. मी त्यात हवा जाऊ दिली. मॅनेजरनं जे एका दुपारी अख्ख्या रजिस्टरचं केलं, ते मी एका बाटलीचं क्षणात केलं. तो पैशाला बांधलेला होता. मला तर कोणी काही दिलंही नव्हतं. जमलेल्या लोकांसमोर हात मागे घ्यायची लाज वाटली, एवढंच.

साक्ष झाल्यावर मी कोर्टाच्या व्हरांड्यात आलो. ती बाकावर बसली होती, वडील शेजारी. आता ती एका खासगी प्रयोगशाळेत काम करते, असं ऐकून होतो. मला वाटलं ती रागावेल, किंवा आभार मानेल. दोन्हींची मला भीती होती. तिनं पिशवीतून एक वही काढली. ती तीच वही होती, आम्ही तेव्हा जप्त न केलेली, रेल्वेच्या रजिस्टरसारख्या रेघांची.

"सर, एक काम होतं," ती म्हणाली आणि एक पान उघडलं.

सहा, सात, आठ, नऊ. त्याखाली तिच्या अक्षरात: बाटली बारा, बूच काढले. वेळ, आणि पुढे रिकामी जागा. सही, आणि पुढे रिकामी जागा. इतकी वर्षं ती जागा तिनं तशीच ठेवली होती.

"तू भरली असती तरी चाललं असतं," मी म्हणालो. "तुला तर माहीत होतं."

"नाही, सर. आमच्या कामात चूक झाली तर खोडत नाही. एक रेघ मारायची, वेळ लिहायची, अन् ज्याच्या हातून झाली त्यानंच सही करायची. दुसऱ्यानं नाही."

तिच्या वडिलांनी दोरीनं बांधलेला चष्मा नीट केला. "नऊची नोंद मी केली होती, साहेब. दहाची करायची राहून गेली."

मी पेन घेतलं. लिहिलं, सव्वानऊ. खाली सही केली. नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यातली हीच एक मी वाचून केली.